दार उघडणारी माणसं

दारावर टकटक होते. आतून सपाता फरफटत येतात, साखळी निघते आणि दार वीतभर उघडतं. बाहेर दोघं उभे असतात, एक पोक्त आणि एक त्याच्या हाताखालचा. ओळखपत्र दाखवतात, दोन-चार प्रश्न विचारायचे आहेत म्हणतात. आतली बाई लगेच काही बोलत नाही. तिचा हात दाराच्या कडेवरच राहतो. त्यांच्या खांद्यावरून ती एकदा रस्त्याकडे नजर टाकते, शेजारचं कुणी बघत नाही ना ते पाहते आणि मग बाजूला सरते. "या."

ब्रिटिश टेलिव्हिजनवरच्या खुनाच्या मालिका मी कित्येक वर्षं बघते आहे आणि त्यांतला मला सगळ्यांत प्रिय क्षण हाच. प्रेत सापडतं, धागेदोरे मिळतात, शेवटी कबुली येते. ते सगळं हवंच. पण मी बसते ती या दारासाठी. त्या बाईचं नाव श्रेयनामावलीत खूप खाली येणार असतं. ती पुन्हा दिसेल याचा भरवसा नसतो. तिच्या वाट्याला तीन मिनिटं आलेली असतात. तेवढ्यात ती चहाचं आधण ठेवते, खुर्चीवरचं विणकाम उचलून पाहुण्यांना जागा करते आणि शेकोटीवरच्या फळीवर ठेवलेल्या एका फोटोकडे पाठ करून उभी राहते. त्या पाठीवरून आपल्याला कळतं की या घरात आणखी कुणीतरी होतं, आता नाही.

माझ्या शेजारी आई बसलेली असते. तिनं ३१ वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली. मनीऑर्डर, रजिस्टर, पेन्शन. जाळीपलीकडे माणूस यायचा, दोन-तीन मिनिटं उभा राहायचा, निघून जायचा. तेवढ्यात जे दिसेल ते. इंग्रजी संवाद तिला भरभर कळत नाहीत आणि खालची अक्षरं वाचत बसलं तर चेहरा निसटतो. म्हणून ती अक्षरं सोडून देते, चेहरे बघते आणि चेहऱ्यांपेक्षाही हात. "हिनं कुणाला तरी पैसे दिलेत," ती एकदा म्हणाली. कशावरून, विचारलं. "पर्स मांडीवरून खाली ठेवलीच नाही तिनं." अर्ध्या तासानं बँकेचा कागद सापडला आणि तिचं खरं निघालं.

नटांची नावं तिला ठाऊक नाहीत. ती त्यांना आधीच्या भूमिकांवरून ओळखते. "अगं, हा मागच्या वेळचा पाद्री." "ही कुत्रेवाली." "हा मेला होता ना?" असं करता करता आमच्या बैठकीच्या खोलीत एक अख्खं गाव वसलं. त्या गावातली माणसं आज डॉक्टर असतात, उद्या माळी, परवा खुनी. हे तिच्या मनाचे खेळ नाहीत, तिकडे खरोखरच तसं घडतं. 'मिडसमर मर्डर्स'च्या २०००मधल्या एका भागात नील डजन हा नट बागेत राबणारा माळी झाला होता. २०११मध्ये मालिकेचा नायक जॉन नेटल्स निवृत्त झाल्यावर हाच डजन त्या मालिकेचा नवा मुख्य तपास अधिकारी झाला. आईला त्याचं अजिबात नवल वाटलं नाही. "चांगलं काम करत होता तेव्हाही," एवढंच ती म्हणाली.

या साऱ्या नटांकडे पाहावं कसं, हे मला शिकवलं 'इन्स्पेक्टर मोर्स'नं. १९८७ ते २०००, एकूण ३३ भाग, प्रत्येक भाग एका चित्रपटाएवढा. ऑक्सफर्डची पिवळसर दगडांची महाविद्यालयं, लाल जॅग्वार गाडी आणि बॅरिंग्टन फेलुंगचं ते संगीत, ज्यात मोर्स हे नाव मोर्सच्याच कडकट्ट लिपीत वाजतं. पोस्टातल्या जुन्या माणसांकडून आईनं ती लिपी ऐकली होती. पहिल्या रात्री तिनं गुडघ्यावर बोटानं ठेका धरला, तो मला अजून दिसतो. मोर्स झालेला जॉन थॉ थोर नट होताच. माझी नजर मात्र जाऊन बसायची ती शवचिकित्सा करणाऱ्या मॅक्सवर. मोर्सला प्रेताकडे बघवत नाही. तो तोंड फिरवून उभा राहतो आणि हा स्थूल, डोळ्यांत मिस्कील ओल असलेला डॉक्टर मेलेल्या माणसाशेजारी असा वाकतो, जसा एखादा फॅमिली डॉक्टर आजाऱ्याच्या खाटेशी वाकावा.

तो नट पीटर वुडथॉर्प. पुढे त्याच्याविषयी वाचलं आणि मी थक्क झाले. बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' इंग्रजीतून पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते १९५५मध्ये, लंडनच्या आर्ट्स थिएटरात, पीटर हॉलच्या दिग्दर्शनाखाली. त्यातला एस्ट्रागॉन हा वुडथॉर्प होता, केंब्रिजमध्ये जीवरसायनशास्त्र शिकणारा पोरगा. त्या झाडाखाली कधीच न येणाऱ्याची वाट बघत जो रात्रीमागून रात्री उभा राहिला, तोच तीसेक वर्षांनी ऑक्सफर्डच्या शवागारात, आता कशाचीच वाट बघायची उरली नाही अशा माणसांच्या सोबतीला आला. त्याच्या वाकण्यात ते झाड होतं, असं मला वाटतं. दोन वाक्यांची भूमिका दोन वाक्यांत मावत नाही, तिच्यामागे नटाची सगळी वर्षं उभी असतात.

ही वर्षं कुठून येतात? ती येतात गावोगावच्या रेपर्टरी नाटकघरांतून. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांचा संसार फिरतीचा होता, तिथल्या रेप कंपन्या एकाच गावात बस्तान ठोकून राहत आणि नाटकं बदलत. कित्येक ठिकाणी दर आठवड्याला नवं नाटक. संध्याकाळी या आठवड्याचा प्रयोग, दिवसा पुढच्याची तालीम, रात्री खोलीवर जाऊन पाठांतर. सोमवारी न्यायाधीश, पुढच्या सोमवारी बटलर, त्याच्या पुढच्या सोमवारी एखाद्याचा बाप. एका नटाच्या अंगात शंभर माणसांच्या चाली मुरत असत. मग टेलिव्हिजन आलं, रेप कंपन्या आटत गेल्या आणि त्या मुरलेल्या माणसांना पोलिसी मालिकांनी आसरा दिला. 'द बिल' ही लंडनमधल्या एका पोलीस ठाण्याची मालिका १९८४ ते २०१० चालली, दोन हजारांहून जास्त भाग. एवढ्या भागांना किती दारं लागली असतील आणि त्या दारांआड किती माणसं! तिकडे १९२७पासून 'स्पॉटलाइट' नावाची नटांची सूची निघते. छापील असताना तिचे जाडजूड खंड असत, पानापानावर चेहरे. भूमिका नेमणारी माणसं ती पानं उलटत आणि एका पानावर थांबत. हा पोस्टमास्तर. ही त्या मुलीची मावशी.

कधी कधी हे थांबणं फार उशिरा होतं. जोन हिक्सनचा जन्म १९०६चा. आयुष्यभर तिनं मोलकरणी, शेजारणी, घरमालकिणी केल्या. १९६१मध्ये मार्गारेट रुदरफर्डनं पडद्यावर मिस मार्पल रंगवली, त्या चित्रपटात हिक्सन घरकाम करणारी बाई होती. चाळीसच्या दशकात अगाथा ख्रिस्तीनं तिचं नाटकातलं काम पाहून तिला चिठ्ठी लिहिली होती, की पुढे कधीतरी तू माझी मार्पल करशील अशी आशा आहे. ती आशा खरी व्हायला १९८४ साल उजाडलं. ख्रिस्ती तोवर गेलेली होती आणि हिक्सन ७८ वर्षांची होती. मग १९९२पर्यंत तिनं मार्पलच्या बाराही कादंबऱ्या केल्या.

तिची मार्पल बघताना मला नेहमी जाणवतं की ही बाई खोलीत बसते तीच मुळी कुणाच्या नजरेत न येता. विणकाम मांडीवर, पाठ ताठ, निळे डोळे स्थिर. लोक तिच्यासमोर बिनदिक्कत बोलतात, कारण म्हातारी बाई ऐकत असेल असं कुणाच्या मनात येत नाही. सुया चालत असतात. एका वाक्यापाशी त्या थांबतात. एवढंच. त्या थांबण्यात खून उलगडलेला असतो. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत, दुसऱ्यांच्या दारांशी उभं राहिल्याशिवाय सुया अशा थांबत नाहीत. जिच्याकडे कुणी पाहिलं नाही, तिनं सगळं पाहून ठेवलं होतं.

मोर्सच्या तरुणपणावर पुढे 'एन्डेव्हर' नावाची मालिका आली, २०१२ ते २०२३. तिच्यात रॉजर ॲलम हा इन्स्पेक्टर थर्सडे आहे. लंडनच्या 'ले मिझराब्ल'मधला पहिला जाव्हेर तोच, कायद्याच्या करड्या निष्ठेचा पोलीस. इथला त्याचा पोलीस मात्र घरी येतो तेव्हा बाहेरचं सगळं हॅटबरोबर खुंटीला टांगतो. बायको विन त्याला रोज वेगळं सँडविच बांधून देते, वाराप्रमाणे ठरलेलं, आणि पुडी सोडायच्या आत तरुण मोर्स आज काय असेल ते सांगून मोकळा होतो. डब्यात आज काय आहे हे ज्याला न उघडता कळतं, तो त्या घराचाच होऊन जातो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. याच मालिकेत वर्तमानपत्राची संपादक झाली आहे ॲबिगेल थॉ, जॉन थॉची मुलगी. पहिल्याच भागात ती तरुण मोर्सकडे निरखून बघते आणि विचारते, आपण आधी भेटलोय का? जॉन थॉ २००२मध्ये गेला. बाप ज्या नावानं घराघरांत ओळखला जात होता, त्या नावाच्या पोराला मुलगी हे विचारते. मी त्या रात्री आईला थांबवून सगळं समजावून सांगितलं. ती काही बोलली नाही. तिनं तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.

सराईत प्रेक्षकाची एक युक्ती असते. पाहुण्या नटांमध्ये सगळ्यांत नावाजलेला जो असेल, तोच खुनी धरून चालायचं. २०१५मध्ये आलेल्या 'अनफरगॉटन'नं ती युक्ती मोडीत काढली. १९७६मध्ये नाहीशा झालेल्या एका मुलाचा सांगाडा ३९ वर्षांनी सापडतो आणि तपास म्हातारपणाच्या दारांवर येऊन ठेपतो. ती दारं उघडतात टॉम कोर्टनी, जेमा जोन्स, बर्नार्ड हिल, ट्रेव्हर ईव्ह. सगळेच नावाजलेले. 'डॉक्टर झिवागो'त चष्म्याआडून गोठलेल्या नजरेनं पाहणारा कोर्टनी इथे चाकांच्या खुर्चीत आहे आणि बायकोची स्मृती निसटत चालली आहे. ज्या वर्षाविषयी पोलिसांना विचारायचं आहे, त्या वर्षात हे नटही तरुण होते. लोकांनी त्यांना तेव्हा पाहिलेलं आहे. त्यामुळे इथला काळ मेकअपनं आणलेला नाही. सुरकुतीन् सुरकुती खरी आहे, तिच्याखालचा तरुण चेहरा प्रेक्षकाच्या स्वतःच्या आठवणीत आहे. कोर्टनीला या भूमिकेसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला.

मला या मालिकांविषयी जे म्हणायचं आहे, ते इथे येऊन थांबतं. जगात फार कमी वेळा कुणी आपल्या दारावर येऊन विचारतं, की मंगळवारी रात्री तुम्ही कुठे होतात, काय करत होतात, काय ऐकलंत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर कुणीच विचारत नाही. इथे विचारतात. वही उघडून, पेन काढून बसतात आणि तो जे सांगेल ते लिहून घेतात. त्याचा एक शब्द खटल्याला पुरतो. खून हे निमित्त असतं. त्या निमित्तानं एका गावातल्या प्रत्येक माणसाचं एकदा तरी कुणीतरी ऐकून घेतं आणि ज्यानं शंभर माणसं अंगात मुरवली आहेत असा नट त्या माणसाच्या बाजूनं बोलतो.

'ब्रॉडचर्च' आम्ही एका पावसाळ्यात पाहिली. मूळ प्रक्षेपण २०१३चं, डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचे ते उंच मातकट कडे. कड्याखाली वाळूत डॅनी हा ११ वर्षांचा मुलगा मरून पडलेला सापडतो. खुनी कोण हे चित्रीकरण चालू असताना बहुतेक नटांनाही सांगितलं नव्हतं. गावात वर्तमानपत्रांचं दुकान आहे जॅक मार्शलचं आणि डॅनी त्याच्याकडे पेपर टाकायचं काम करत होता. जॅक झाला आहे डेव्हिड ब्रॅडली, हॅरी पॉटरमधला फिल्च म्हणून आपल्याकडची मुलंही ज्याला ओळखतात तो. तरुणपणी यॉर्कमध्ये भिंगांची उपकरणं बनवायच्या कामात त्यानं उमेदवारी केली होती आणि पुढे नॅशनल थिएटरच्या 'किंग लिअर'मधल्या विदूषकासाठी ऑलिव्हिए पुरस्कार मिळवला होता.

जॅकचं जुनं एक प्रकरण वर्तमानपत्रांना सापडतं. ते अर्धवट छापून येतं आणि गाव त्याच्यावर उलटतं. ज्या कागदाच्या विक्रीवर त्याचं पोट होतं, त्याच कागदावर त्याचा फोटो. मग तो डॅनीच्या बापाला सांगतो, की मलाही एक मुलगा होता, लहानपणीच अपघातात गेला. ब्रॅडली हे सांगताना आवाज चढवत नाही. ओठ थरथरतात ते दाबण्यात त्याची सगळी शक्ती जाते आणि शब्दांना थोडीच उरते. दुसरा बाप ऐकतो. पण तेवढं पुरत नाही. जॅकचं प्रेत त्याच किनाऱ्यावर सापडतं. आईनं तेव्हा टीव्ही बंद करायला सांगितला.

सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होती. पाऊस लागून राहिला होता आणि आमचा पेपर अजून आला नव्हता. ती बराच वेळ नुसती पानं खुडत राहिली.

"गठ्ठे तर पहाटेच येऊन पडले असतील गं तिथे," ती म्हणाली. "पोरगं गेलं, म्हाताराही गेला. आज लाइन कोण टाकणार?"