सुरीची धार: लेस्टरच्या स्वयंपाकघरातून

पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे मिळतात, ती रेघ म्हणजे धार. रोजच्या वापरात ती दोन तऱ्हांनी बिघडते. कधी एका अंगाला कलते, कधी झिजून गोलावते. कललेली धार सळईवर चार-सहा हात फिरवले की सरळ होते. गोलावलेल्या धारेपुढे सळईचे काही चालत नाही. तिथे दगडावर पोलाद घासूनच काढावे लागते.

प्रस्तुत लेखकाच्या लेस्टरमधल्या घरी धार लवकर जाण्याची कारणे दोन निघाली: काचेचा चिरण्याचा पाट आणि डिशवॉशर. काच दबत नाही, त्यामुळे प्रत्येक काप थेट धारेच्या टोकावर आदळतो. डिशवॉशरमध्ये पाती एकमेकांवर आपटतात आणि तीव्र साबणाचा मारा होतो तो वेगळाच. लाकडी पाट आल्यावर आणि सुऱ्या हाताने धुतल्या जाऊ लागल्यावर दगड काढण्याची पाळी लांबली. धार गेल्याची खूण मेल्टन रोडवरून आणलेली कोथिंबीरच देते: बोथट सुरीखाली ती चिरली न जाता चेचली जाते, पाट हिरवा होतो आणि उरलेली कोथिंबीर काळवंडते.

महाराष्ट्रात हे काम दारावर येणाऱ्या धारवाल्याचे. सायकल उभी करून पायडल मारले की कुरुंदाचे चाक फिरू लागे आणि ठिणग्या उडत. विळीला ते ठीक; पातळ पाते मात्र त्या चाकावर तापले तर त्याचे पाणी उतरते आणि पुढे धार टिकत नाही. ओल्या दगडावर हाताने घासण्यात हा धोका नाही.

दगडाच्या बाबतीत लेस्टरशायरला जुना वारसा आहे. शहराच्या वायव्येला चार्नवुड फॉरेस्टच्या टेकड्या आहेत. त्यातल्या व्हिटल हिलचा हिरवट, अतिशय बारीक कणांचा दगड एकोणिसाव्या शतकात ‘चार्नली फॉरेस्ट’ या नावाने वस्तऱ्यांसाठी आणि सुतारी हत्यारांसाठी नावाजलेला होता. तो दगड फार सावकाश काम करतो. भाजीच्या सुरीला 1000 क्रमांकाचा कृत्रिम पाण्याचा दगड पुरतो. तो बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावा आणि खाली ओले फडके घालून ओट्यावर घट्ट बसवावा.

कोन महत्त्वाचा. युरोपीय घडणीच्या सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे 20 अंश, कठीण पोलादाच्या जपानी सुरीला सुमारे 15. पाते साडेचार सेंटिमीटर रुंद असेल, तर 20 अंशांसाठी पाठ दगडापासून दीड सेंटिमीटर वर राहते. धारेलगत मार्करची रेघ ओढून दोन हात मारावेत. शाई कुठून गेली यावरून कोन चुकला की नाही ते कळते.

खरी परीक्षा झालरीची. एका बाजूने पुरेसे घासले गेले की धारेपलीकडे पोलादाची अगदी बारीक झालर वळून येते. ती डोळ्यांना सहसा दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेकडे, पात्याला आडवा, हलकेच सरकवला की दुसऱ्या बाजूला खरखर लागते. अंगठा धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नये. टाचेपासून टोकापर्यंत ही खरखर सलग लागली, तरच बाजू बदलावी. बहुतेकांची धार बिघडते ती इथल्या उतावळेपणामुळे. मोजून दहा-दहा हात मारणे निरर्थक आहे. हात किती मारायचे ते झालर ठरवते.

दुसऱ्या बाजूनेही झालर आली की दाब कमी करत एकेक हात आलटून-पालटून मारावा. उरलेली झालर पट्ट्यावर काढायची. हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 साली शेफील्डमध्ये तयार केलेल्या न गंजणाऱ्या पोलादाच्या कुळातल्याच आजच्या बहुतेक सुऱ्या; त्यातल्या मऊ, स्वस्त सुऱ्यांची झालर चिवट असते. जुन्या चामडी कमरपट्ट्याचा तुकडा फळीवर चिकटवून त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चोळली की पट्टा तयार. त्यावर सुरी पाठ पुढे ठेवून ओढायची. धार पुढे केली तर चामडेच कापले जाते. दाब जास्त झाला तर चामडे दबून वर येते आणि धार पुन्हा गोलावते.

पिकलेल्या टोमॅटोची साल नुसत्या वजनाने कापली गेली की काम झाले. त्यापुढे 6000 च्या दगडावर आरशासारखी चकाकी आणणे ही निव्वळ हौस. टोमॅटोच्या सालीला किंचित खरखरीत धारच बरी पकडते.

सुरी बाहेरून धार लावून आणायची असेल, तर एक ध्यानात ठेवावे. 1988 च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टनुसार इथे सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगणे गुन्हा आहे. ती जाड पुठ्ठ्यात नीट गुंडाळावी, थेट दुकानात न्यावी आणि थेट घरी आणावी.