अडीचचे दोन की तीन?

पुण्यात बिलिंगची सॉफ्टवेअरं लिहिण्यात केस पिकवलेल्या एका बाईंना एका ओळीच्या कोडचा भारी अभिमान. दशांशांचा ॲरे नमपायच्या राउंडला दिला की काम झालं. त्यासाठी लूप लिहिणाऱ्यांना त्या मनातून कच्चं समजतात, आणि तसं बोलूनही दाखवतात.

हाताखाली आलेल्या नव्या मुलीने एकदा विचारलं, "मॅडम, दीडचे दोन आणि अडीचचेही दोनच?"

उत्तर त्यांना पाठ होतं. बरोबर अर्ध्यावर अडलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यायची, हा १९८५ च्या आयईईई ७५४ मानकातला नेहमीचा नियम. अर्धा दर वेळी वर ढकलला तर बेरीज फुगत जाते. नमपाय हा नियम पाळतं, पायथन ३ सुद्धा. पायथन २ मात्र शाळेतल्यासारखं अडीचचे तीन करायचं. एकतर्फी चूक कशी साचते, हे व्हँकूवरच्या शेअर बाजाराने दाखवलं. १९८२ मध्ये १००० वर सुरू झालेला निर्देशांक प्रत्येक गणितानंतर तीन दशांशांपुढे नुसता छाटला जाई. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत तो ५२४ च्या आसपास उतरला. दुरुस्तीनंतर १०९८ भरला.

मुलगी ऐकून म्हणाली, "पण जीएसटीत पन्नास पैशांचा रुपया धरतात ना?"

धरतात. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० तेच सांगतं. तिथे सम-विषम चालत नाही.

तेव्हापासून बाईंचा जीव त्या अर्ध्यात अडकला. अर्धा मिळवून फ्लोअर घ्यावा, तर उणे अडीचचे उणे दोन होतात. जावास्क्रिप्ट तेच देतं, सीचं राउंड उणे तीन देतं. शिवाय ०.४९९९९९९९९९९९९९९९४ मध्ये अर्धा मिळवला की यंत्रात थेट १ येतो. जावा ६ याच खड्ड्यात पडलं होतं. आणि कागदावरचा अर्धा यंत्रात अर्धा असतोच असं कुठे आहे? १.००५ गुणिले १०० म्हणजे तिथे १००.४९९९९९९९९९९९९९. अशा वेळी गुपचूप ०.०००१ मिळवून मोकळे होणाऱ्यांबद्दल बाई जे बोलतात, ते छापण्याजोगं नाही.

आता त्या रक्कम पहिल्यापासून पैशांत, पूर्णांकातच ठेवतात. चिन्ह बाजूला काढायचं, पन्नास मिळवायचे, शंभराने पूर्णांक भागाकार करायचा, चिन्ह परत लावायचं. ओळी चार झाल्या, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

तुमचा कोड तपासताना दीड आणि साडेतीन घालू नका; त्यांवर दोन्ही नियम एकच उत्तर देतात. अडीच घाला, आणि उणे अडीचही.