सामाईक वही

गेल्या वर्षी अंतर्गत गुणांची एकच फाइल आम्ही दोघे दोन संगणकांवर उघडून बसलो होतो. ज्याने नंतर साठवली त्याची प्रत उरली. आधीच्याने भरलेले गुण पुसले गेले. एक मुलगी त्यामुळे आठवडाभर नापासांच्या यादीत राहिली.

चूक कोणाची, यावर आमचे अद्याप एकमत नाही. संगणकशास्त्राच्या सहकाऱ्याने मात्र दोष सामाईक वहीचा ठरवला आणि कार्ल ह्यूइट व सहकाऱ्यांनी १९७३ साली मांडलेले ‘अ‍ॅक्टर’ प्रतिमान समजावले. तेथे सामाईक काहीच नसते. प्रत्येक पात्र (‘नट’ म्हणणे आम्हांस जड जाते) आपली स्मृती आपल्यापाशी राखते, इतरांना केवळ निरोप धाडते. आलेले निरोप पेटीत साचतात, एकेक करून वाचले जातात. एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँग प्रभृतींनी १९८६पासून दूरध्वनी केंद्रांसाठी घडवलेली अर्लांग ही भाषा याच रीतीची.

आम्हांस ही पत्रात्मक कादंबरीच वाटली. सर्वज्ञ निवेदक नाही. एकाने दुसऱ्याला लिहिलेली पत्रे लिहिल्या क्रमाने वाचली जातात. दोघांनी तिसऱ्याला लिहिलेल्यांपैकी कोणते आधी पोहोचेल, याची हमी नाही. दोन पात्रे परस्परांच्या उत्तरासाठी अडून बसली तर कथानक थिजते. बिघडलेले पात्र मात्र सावरत बसत नाही, मरते. त्याच्यावर देखरेख करणारे ते पुन्हा उभे करते, आरंभीच्या स्मृतीसह. येथे आमच्यातला वाचक अडखळतो.

यंदा फाइल एकाकडेच आहे. दुसरा चिठ्ठ्या पाठवतो. काल त्या मुलीचे गुण आले. चिठ्ठी आम्ही दोनदा वाचली.