नावे ठेवण्याचे नियम

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ‘कमवा आणि शिका’ योजनेत मला यंदा संगणक कक्षाचे काम मिळाले आणि सरांनी नव्या यंत्रांना नावे द्यायला सांगितली. मी विचारले, “सर, सर्जा-राजा चालतील?” सर हसले. “चालतील, पण इंग्रजी अक्षरांत.”

नावे ठेवण्यात आपण मराठी माणसे पटाईत. पण यंत्राला नाव ठेवणे काटेकोर काम आहे. इंग्रजीची २६ अक्षरे, १० आकडे आणि एक जोडरेघ, एवढी ३७ चिन्हेच चालतात. लहान-मोठ्या अक्षरांत भेद नाही. मोकळी जागा नाही. आमची मुले फायलींच्या नावांत सर्रास वापरतात ती पायाशी येणारी अधोरेघही नाही. जोडरेघ मधेच हवी, आरंभी किंवा शेवटी नको. अमेरिकी संरक्षण खात्याच्या जाळ्यासाठी १९८५ साली नियम लिहिले गेले, तेव्हा पहिले चिन्ह अक्षरच लागे आणि नाव २४ चिन्हांत बसवावे लागे. १९८९ साली आकड्यालाही पहिला मान मिळाला. आता दोन टिंबांमधला तुकडा ६३ चिन्हांपर्यंत चालतो.

तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांना वाचता येईल तेवढेच लिहायचे, हे मला पटते. पण त्या ३७ चिन्हांत ‘ळ’ नाही. माझ्या वडिलांचे नाव बाळू. चौथी शिकलेले वडील मराठीत सही करतात, ठसठशीत ‘ळ’ काढून. इंग्रजी कागदांवर मात्र त्यांचा ‘बालू’ होतो, आणि एकदा ‘बालू’ झालेल्या माणसाला परत ‘बाळू’ करता येत नाही.

२००३ साली यावर एक तोड निघाली. जुन्या नियमाला धक्का न लावता परकी लिपी त्याच ३७ चिन्हांत बांधायची, म्हणजे बहुरूप्याचे सोंगच! २०१४ पासून पत्त्याच्या शेवटी देवनागरीत ‘भारत’ लिहिता येते. जाळ्यात मात्र तो ‘एक्सएन’, दोन जोडरेघा आणि पुढे ‘एच२बीआरजे९सी’ असा फिरतो. मैत्रिणींना हे ऐकून हसू येते. मला ते सोंग नीटनेटक्या ‘बालू’पेक्षा प्रामाणिक वाटते, कारण ते उतरवता येते.

वडिलांच्या नावाचे सोंग मी वहीत उतरवून ठेवले आहे. दिसायला अगदी ओंगळ. पण उलट वाचणाऱ्या यंत्राला त्यातून ‘ळ’ नेमका सापडतो.