एकसारखेपण

आमच्या मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकांत हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हां फरीदसाहेबांनीं तंतुवाद्यांकडे हात वळविला. आणि २०२४ सालीं येथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीचा माथा किंचित् घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हां घासतो. चारी तारा सारख्या घुमल्या पाहिजेत, आणि उद्यांहि तशाच, एवढाच त्याचा ध्यास.

हाच ध्यास मीं अगदीं निराळ्या ठिकाणीं पाहिला. माझा एक भाचा अमेरिकेंत राहतो आणि रायफलीचीं काडतुसें घरीं भरतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें काडतुसें तयार करण्यास परवाना लागतो. त्यामुळें हा उद्योग पाहण्याचा योग मला त्याच्याच घरीं आला. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी तो पुसतो, जुनी टोपी काढतो, फुगलेली पुंगळी साच्यांत दाबून पूर्ववत् करितो, वाढलेली लांबी कापतो, नवी टोपी बसवितो, दारू तोलून ओततो आणि शेवटीं गोळी ठराविक खोलीपर्यंत दाबतो. दारू तोलावयाची ती ग्रेननें. एक ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम, आणि त्याचाहि दशांश त्याचा तराजू दाखवितो. सारख्याच वेळां उडविलेल्या पुंगळ्या तो एका डब्यांत ठेवतो. कारण वापरानें पितळ कठीण होतें आणि गोळीवरची त्याची पकड बदलते.

मैदानावर मात्र त्याचा आनंद मला प्रथम कळेना. एका कागदावर पांच छिद्रें रुपयाएवढ्या जागेंत, पण मध्यापासून चार बोटें डावीकडे, हा प्रसन्न! दुसऱ्यावर एक गोळी थेट मध्यावर आणि चार चहूंकडे, हा खिन्न. मीं कारण विचारलें.

"मामा, झुबका सरकवतां येतो. दुर्बिणीची कळ फिरवली कीं झालें. विखुरलेल्या गोळ्या कुठें सरकवूं?"

माणसांचेंहि असेंच नाहीं काय? नेहमीं अर्धा तास उशिरां येणाऱ्या मित्राचा हिशेब आपण मनांत धरून ठेवतों. कधीं आधीं, कधीं नंतर येणारा मात्र जीव घेतो.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें. तेथें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें. त्या खेळांतील काडतुसांचें ठिणगी देणारें मिश्रण पुंगळीच्या कडेंतच असल्यामुळें तीं पुन्हां भरतां येत नाहींत. म्हणून नेमबाज कारखान्याच्या निरनिराळ्या खेपा आपल्या नळींतून उडवून पाहतात आणि सर्वांत लहान झुबका देणारी खेप निवडतात. एकसारखेपण हातानें करितां आलें नाहीं, तर तें पारखून घ्यावें लागतें.

ह्या गुणांत एक भय मात्र दडलेलें आहे. तराजूच चुकला तर शंभराचीं शंभर काडतुसें सारखींच चुकतात, आणि दारू फार झाली तर रायफल तोंडाशींच फुटूं शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं भाचा ठाऊक असलेलें एक वजन तराजूवर ठेवून पाहतो. मीं म्हटलें, "अरे, तराजू तर कालचाच आहे!"

"होय, मामा," तो म्हणाला, "पण गाल माझाच टेकायचा आहे."