आठ पाकळ्यांचं कलिंगड

मुलांना घेऊन फळांचा खाऊ करायचा म्हटलं की हल्ली आधी मोबाइल निघतो. केळ्याचा पेंग्विन, सफरचंदाचं कासव, द्राक्षांचा सुरवंट. चित्रं गोंडस असतात आणि मोठ्यांना फार आवडतात. मुलं मात्र पेंग्विनला एक डोळा चिकटवून झाला की उठून जातात, कारण त्या सगळ्या कारागिरीत त्यांच्या वाट्याला आलेला असतो तो फक्त डोळा. कापाकापी आईनं आधीच उरकलेली असते, आणि मुलांना तर कापायचंच असतं.

सांगलीत मी सुट्टीत मुलांचा स्वयंपाकाचा वर्ग घेते. परीक्षा संपून वर्ग भरेपर्यंत चैत्रगौर झोपाळ्यावर बसलेली असते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही हळदीकुंकू करायला मोकळीक असते. त्यामुळे आमच्याकडच्या हळदीकुंकवाची फळांची आरास मुलांवर सोपवायची, असं ठरूनच गेलं आहे. बाकीची आरास, म्हणजे करंज्या, बत्तासे, भिजवलेले हरभरे, मोठ्यांकडे. फळं मुलांकडे. मुलगेही असतात. आणि बोलावणं सगळ्याच बायकांना असतं. कुंकू लावायचं की नाही, हे जिचं तिनं ठरवावं.

नियम एकच, फळाला वरून काही चिकटवायचं नाही. रंगीत गोळ्या नाहीत, क्रीम नाही, चॉकलेटचे डोळे नाहीत. पहिल्या दिवशी हे ऐकून तोंडं पडतात. मग कलिंगड फुटतं आणि कुणीतरी हमखास विचारतं, "काकू, ह्यात रंग घातलाय काय?" रंग बाहेरून आणायची सवय इतकी मुरली आहे, की फळाच्या आत तो आयता असतो यावर विश्वास बसायला कापूनच बघावं लागतं. आरास कापण्यातून होते, असं माझं मत आहे. कुठून कापलं, किती खोल कापलं, कुठली बाजू वर ठेवली, यावर सगळं ठरतं.

त्यामुळे सुरुवात सुरीपासून. पाच-सहा वर्षांच्या मुलांना जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी पुरते; केळं आणि पिकलेली पपई तिनं छान कापली जाते. आठ-नऊ वर्षांच्यांना छोटी, दातेरी पात्याची. बोथट सुरीनं कडक फळ मात्र कुणालाच कापू द्यायचं नाही, कारण जोर लावावा लागतो आणि जोर लावला की सुरी घसरते. पोळपाट असो की कापायची फळी, खाली ओलं फडकं घातलं की ती हलत नाही. गोल फळ आधी 'बसतं' करायचं, म्हणजे एका बाजूनं चकती काढून सपाट करायचं, आणि मग पुढचे काप घ्यायचे. धरणाऱ्या हाताच्या बोटांची टोकं आत वळवलेली हवीत. एवढं सांगून झालं की मी गप्प बसते. हे गप्प बसणं शिकायला मला मुलांपेक्षा जास्त वेळ लागला. वेडेवाकडे काप बघून हात शिवशिवतात. पण मी एकदा सुरी हातात घेतली की तो खाऊ माझा होतो आणि मुलं पुन्हा डोळे चिकटवायला मोकळी.

लहानांची मोठी जबाबदारी म्हणजे द्राक्षं. येणाऱ्या बायकांच्या कडेवर चिमुरडी पोरं असतात आणि पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं. म्हणून प्रत्येक द्राक्ष देठापासून खालपर्यंत उभं चिरायचं, चार फोडी करायच्या. आडवी चकती तेवढीच गोल राहते, उभी फोड सहसा अडकत नाही. हे कारण सांगितलं की मुलं हे कंटाळवाणं काम कुरकुर न करता करतात. आपल्याहून लहान कुणाची तरी काळजी घ्यायला मिळते आहे, एवढं त्यांना पुरतं.

द्राक्षांच्या बाबतीत आमचा भाग तसा नशीबवान. तासगाव शेजारीच. थॉमसन सीडलेसमधून निवडलेली 'तास-ए-गणेश' ही जात याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी दिली, आणि 'सोनाका' नि काळं 'शरद सीडलेस' सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी. चैत्रापर्यंत खाण्याच्या द्राक्षांचा हंगाम उतरणीला लागतो आणि शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा पसरलेला असतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी किंवा मामाच्या घरी बाग असते, त्यामुळे हे आकडे तीच मला सांगतात. हिरवं द्राक्ष, काळं द्राक्ष आणि बेदाणा असे एका ताटलीत शेजारी शेजारी ठेवले, की त्या ताटलीला आणखी काही करावं लागत नाही.

आता कलिंगड. चैत्रगौरीपुढे कलिंगडाचं कमळ हवंच. माझ्या सासूबाई ते नजरेच्या अंदाजानं कापायच्या. बोलता बोलता कंगोरे पडत जायचे आणि शेवटचा कंगोरा पहिल्याला बरोबर येऊन मिळायचा. मुलांना हा अंदाज नसतो, म्हणून आम्ही कागदाची पट्टी वापरतो. कलिंगडाच्या मध्यावर पट्टी गुंडाळायची, टोकाला टोक भिडेल तिथे कापायची. मग ती मधोमध दुमडायची, पुन्हा दुमडायची, अशी चार वेळा. उलगडली की सारखे सोळा भाग. पट्टी परत फळाभोवती लावून प्रत्येक घडीपाशी आणि टोकं भिडतात तिथे खूण करायची, एक खूण वर, एक खाली. खुणा जोडल्या की नागमोडी रेघ तयार, आणि प्रत्येक अर्ध्या भागाला आठ पाकळ्या. एका मुलीनं घडीच्या भानगडीत न पडता फूटपट्टीनं मोजून पंधरा खुणा केल्या होत्या. शेवटची रेघ वरून खाली येईना, वरच्या खुणेशेजारी वरचीच खूण. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग स्वतःच म्हणाली, "जोडीनंच पाहिजेत की." शाळेत सम-विषम शिकून तिला दोन-तीन वर्षं झाली होती.

कमळासाठी गोल, गडद हिरवं फळ घ्यावं, शुगर बेबीसारखं. लांबट, पट्ट्यापट्ट्यांच्या कलिंगडाची होडी चांगली होते. फळ मातीवर टेकलेलं असतं तिथला डाग पिवळसर हवा. पांढरट असेल तर ते लवकर तोडलेलं असतं. आणि कापायच्या आधी साल धुवायचीच. साल आपण खात नाही म्हणून ती कुणी धुवत नाही, पण तिच्यावरची माती सुरीबरोबर थेट आत जाते.

कापताना फळ चुंबळीवर बसवते. जुन्या टॉवेलची घट्ट चुंबळ केली की ते लोळत नाही आणि धरायला दुसरा हात लागत नाही. सुरी अरुंद, टोकदार आणि फळाच्या मध्यापर्यंत पोचेल एवढी लांब हवी. मोठ्या मुलाच्या हातावर माझा हात ठेवूनच हे काम होतं. टोक खुणेवर टेकवून दाबलं की आधी साल अडवते, मग एकदम सोडते आणि सुरी सर्रकन आत जाते. तो 'एकदम' मुलांना आधी सांगून ठेवावा लागतो. सुरी तिरकी न जाता फळाच्या मध्याकडेच जायला हवी आणि प्रत्येक काप शेवटपर्यंत पोचायला हवा. एखादा जरी उथळ राहिला तरी दोन्ही भाग एकमेकांना सोडत नाहीत. सगळे काप झाले की दोघांनी दोन बाजू धरायच्या, किंचित पिळायच्या. आतून करकर आवाज येतो, कलिंगड थोडं हटवादीपणा करतं आणि मग सुटतं. लाल पाकळ्या, पांढरी किनार, हिरवी कड. खोली नेहमीच एक क्षण गप्प होते आणि मग बियांवरून भांडण सुरू होतं.

हे सगळं शेवटच्या तासात करायचं. चैत्रातल्या उन्हात कापलेलं फळ फार वेळ उघड्यावर ठेवणं बरं नाही. तासाभरात पोटात गेलेलं चांगलं. मीठ किंवा चाट मसाला तर वाढतानाच, आधी घातला तर कलिंगडाला पाणी सुटून ताटात तळं होतं. डाळिंबाचं कमळ मात्र आधी करून ठेवता येतं. वरचा मुकुट चकतीसारखा काढायचा, आतले पांढरे पडदे दिसतात, त्यांच्या रेषेत बाहेरून सालीला उभ्या चिरा द्यायच्या आणि हातानं उकलायचं. दाणे सोडवायचे असतील तर पाण्यात. दाणे तळाला जातात, पांढरे पापुद्रे वर तरंगतात आणि भिंतीही लाल होत नाहीत.

सुरीशिवायचं एक काम सगळ्यांत लाडकं आहे. सकाळी वर्ग भरला की प्रत्येकाला पाहुण्यांच्या नावाची चिठ्ठी, एक केळं आणि एक टूथपिक. केळं पिवळं, घट्ट, बिनडागाचं. सालीवर टूथपिकनं हलकेच अक्षरं टोचायची, साल आरपार भोकायची नाही. आधी काहीच दिसत नाही. मुलांना वाटतं काकूंनी फसवलं. डबा खाऊन होईपर्यंत तपकिरी रेघा उमटू लागतात आणि संध्याकाळी नाव ठसठशीत काळं झालेलं असतं. सालीच्या पेशी फुटल्या की आतल्या विकराची हवेशी गाठ पडते आणि तो भाग काळवंडतो. कापलेलं सफरचंद लाल पडतं तेही याच कारणानं, आणि सफरचंदाला लिंबू चोळलं की ते थांबतं, हे मुलं लगेच जोडून घेतात. ओटीत हे केळं घालायचं. घोळ होतो तो शेजारच्या आज्यांपाशी, कारण त्यांची नावं कुणालाच ठाऊक नसतात. मग मुलं जिन्यावरून धावत जाऊन विचारून येतात. एका आजींनी केळं हातात घेऊन स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि पिशवीत वर ठेवलं, चेपू नये म्हणून.

हळदीचा खेळ फळांचा नाही, पण सांगलीत हळद टाळून कसं चालेल? पाण्यात हळद कालवायची, त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. पाणी लालसर होतं. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीचंच करत, हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा इथे सांगितलेलं पटतं. हा पेला प्यायचा मात्र नाही.

थरथरत्या जेलीचा हट्ट मी मान्य करते, तो चायना ग्रासवर. जिलेटीन नको, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात, हळदीकुंकवाला चालायचं नाही. शिवाय आपल्या उन्हाळ्यात ते पातळ होऊन बसतं. ताजं अननस किंवा पपई घातली तर ते धरतही नाही, त्या फळांतली विकरं त्याची बांधणी तोडतात. चायना ग्रास समुद्री शेवाळाचा. तो चांगला उकळून विरघळवावा लागतो, पण एकदा धरला की उन्हाला दाद देत नाही. साधारण दहा ग्रॅमला एक लिटर पुरतं. मी तो थोड्या पाण्यात विरघळवून त्यात कोमट केलेलं शहाळ्याचं पाणी घालते. गार घातलं तर गुठळ्या होतात. ताटात फळांच्या फोडी मांडायचं काम मुलांचं, वरून ओतायचं माझं. घट्ट झालं की वड्या पाडायच्या. शहाळ्याचं पाणी स्वच्छ दिसतं, त्यामुळे मुलांनी मांडलेली प्रत्येक फोड, तिरकी असली तरी, जशीच्या तशी वाचता येते.

संध्याकाळी बायका येतात, आंब्याची डाळ आणि पन्हं पोटात जातं आणि तासाभरात आरास सपाट होते. मुलांना याचं वाईट वाटेल असं मला आधी वाटायचं. वाटत नाही. उलट कुणी आपली पाकळी आधी उचलली, याची ती नोंद ठेवतात. फोटो काढण्यासाठी "थांबा, थांबा" म्हणणाऱ्या आयाच असतात.

उरतात त्या साली, आणि दुसऱ्या दिवशीचा वर्ग त्यांच्यावर चालतो. कारण आरास ठरवताना कुणीतरी टूटीफ्रूटी मागितलेली असते आणि मी ती नाकारलेली असते. बाजारातली टूटीफ्रूटी म्हणजे साखरेत मुरलेली, रंगवलेली कच्ची पपई, हे सांगितलं की वर्गात हाहाकार उडतो. कलिंगडाच्या सालीचा पांढरा भागही तिला चांगला चालतो, म्हणून मी शेजारणींना फोडी जरा वरूनच खायला सांगते. हिरवं साल सोलून काढायचं, पांढऱ्याचे बारीक चौकोनी तुकडे करायचे. आदल्या दिवशी ज्यांचे काप वेडेवाकडे होते, त्यांचेही आज एकसारखे पडू लागतात. तुकडे अर्धपारदर्शक दिसेपर्यंत उकडायचे, निथळायचे, वजनाइतक्या साखरेच्या एकतारी पाकात शिजवायचे. मग पाकासकट वाट्यांत वाटून घ्यायचे. एका वाटीत बिटाची चकती, एकीत हळद, एक तशीच पांढरी. रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी चाळणीत निथळून पंख्याखाली सुकवायचे. बिटाचा गुलाबी रंग डब्यात काही दिवसांत फिका पडतो, पण डबा तेवढे दिवस टिकत नाही. हळद मात्र चिमटीच्याही निम्मी घालावी, नाहीतर टूटीफ्रूटीला भाजीचा वास येतो आणि मुलं ती वाटी गुपचूप माझ्याकडे सरकवतात.