वरणाचं पाणी

दर अंकाच्या आधी संपादकांचा फोन येतो, "तुम्ही चौघी मिळून एखादी पाककृती द्या ना!" आजवर आम्ही अळूवडी दिली, उकडीचे मोदक दिले, ओव्हनमधले चिरोटेसुद्धा दिले. या वेळी आम्ही वरण देणार आहोत. साधं तुरीच्या डाळीचं वरण. मंडळी हसतील. पण या वरणामागे एक हकिगत आहे आणि ती सांगितल्याशिवाय कृती द्यायची नाही, असं आमचं ठरलंय.

आम्ही चौघीही सत्तरच्या दशकात नवऱ्यांच्या पाठोपाठ न्यू जर्सीत आलो. एक नर्स झाली, एक बँकेत लागली, एक केमिस्ट, आणि चौथीने घर सांभाळलं. निवृत्तीनंतर नातवंडं लांब, आणि भिशी तरी किती करणार! म्हणून जवळच्या एका चर्चच्या तळघरात दर गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाक शिकवायला जाऊ लागलो. तिथे येतात त्या सोळा ते एकोणीस वर्षांच्या आया. कडेवर मूल, पाठीवर शाळेचं दप्तर.

पहिल्या दिवशी परत येताना गाडीत आमचं जे बोलणं झालं, ते सगळं छापण्यासारखं नाही. "अभ्यास करायचं वय हे!" "आईबाप काय झोपले होते?" वगैरे. एवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "माझा मोठा भाऊ झाला तेव्हा माझी आई सोळाची होती." पुढचे तीन सिग्नल कुणी बोललं नाही. मग दुसरी म्हणाली, "माझी आजी पंधराची. पहिली दोन गेली. विचारलं की म्हणायची, लाभली नाहीत." हिशेब केला, तर चौघींच्याही आज्या विशीच्या आतच आई झालेल्या. फरक इतकाच, की त्यांची लग्नं झाली होती, आणि म्हणून त्यांना नावं ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आमचा रस्ता रोझेल गावावरून जातो. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत आल्या, त्या याच गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, म्हणून आपण मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचा फोटो लावतो, हार घालतो. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा आणि दहा दिवसांत तो गेला, हे मात्र एका वाक्यात उरकतो. खरं तर त्या दहा दिवसांनीच त्यांना डॉक्टरकीकडे वळवलं. इतकी वर्षं त्या गावावरून जातोय, पण आनंदीबाईही या मुलींसारख्याच एक कोवळी आई होत्या, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

आता मूळ गोष्ट. महिनाअखेरचा गुरुवार होता. सतरा वर्षांची एक मुलगी आपल्या पाच महिन्यांच्या बाळाला पाजत होती. बाटलीतलं दूध आमच्या नर्सबाईंना पातळ दिसलं. विचारलं, तर डब्यातली पावडर कमी आणि पाणी जास्त. चाळीस वर्षांच्या सवयीने बाईंनी तिला सगळ्यांदेखत झाडलं: असं पाणी पोटात गेलं तर बाळाच्या रक्तातलं मीठ कमी होतं, आकडी येते, जिवावर बेतू शकतं. बोलल्या ते अक्षरन् अक्षर खरं होतं. पण पुढचे दोन गुरुवार ती मुलगी आली नाही.

ते दोन आठवडे आम्हाला फार जड गेले. आपण सांगितलेलं खरंच घडलं तर? रागावून आपण तिला घालवली आणि आता तिला विचारणारं कुणीच नाही, असं झालं तर? शेवटी चर्चच्या बाई तिच्या घरी जाऊन आल्या आणि तिसऱ्या गुरुवारी तिला घेऊन आल्या. बाळ ठीक होतं, पण वजन हवं तसं वाढलेलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही तिला जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं, "तू जेवलीस का?"

ती गप्प राहिली. मग हळूहळू कळलं. दुपारी शाळेत पिझ्झाचा तुकडा, संध्याकाळी दुकानात काम, तिथे चिप्सचं पाकीट. दुधाची पावडर मिळते ती सरकारी योजनेतून. तिला इथे सगळे 'विक' म्हणतात. गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी ही योजना आहे. १९७४ साली केंटकीत तिचं पहिलं केंद्र उघडलं आणि १९७५ साली ती कायमची झाली. दूध, अंडी, कडधान्यं, लोह घातलेलं सिरियल, आणि २००९ पासून फळं-भाज्याही मिळतात. योजना चांगलीच आहे, पण तिच्या नावातच 'पूरक' आहे. डबे महिनाभर पुरत नाहीत, उरलेले दिवस विकत आणावे लागतात. त्या आठवड्यात हातात पैसे नव्हते, म्हणून तिने आहे तो डबा पुरवला. तिला अक्कल नव्हती असं नाही. पावडर नव्हती.

मग आमच्यातली जी सुगरण, ती तिच्याजवळ जाऊन बसली आणि जे आम्हालाही कधी बोलली नव्हती ते तिला म्हणाली, "मीही पाणीच पाजलंय." १९७९ साल. भारतातून सासूबाईंचं पत्र आलं, की सहाव्या महिन्यापासून वरणावरचं पाणी द्यावं, पचायला हलकं. हिने तीन महिने तेच भरवलं. मुलगा शांत, पोट टम्म. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर लोह कमी. आईकडून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि तेव्हाच आपण बाळाला वरचं पाणी देतो. डाळ राहते तळाशी! ती मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, "तुम्हीसुद्धा?" आणि हसली. आमच्याकडे बघून ती पहिल्यांदाच हसली.

आमच्या नर्सबाई म्हणतात, अशी आई म्हणजे एका घरात वाढणारी दोन मुलं. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलीला रोज १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, मोठ्या बाईला १०००. कारण तिचीच हाडं अजून वाढत असतात. त्यातच गरोदरपण आलं, की एकाच ताटात दोघांची वाढ.

अमेरिकेत १९९१ साली पंधरा ते एकोणीस वर्षांच्या दर हजार मुलींमागे सुमारे ६२ बाळंतपणं होत होती. २०२३ मध्ये ती १३ वर आली. आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. शरीराला लग्नाचा दाखला वाचता येत नाही. त्याला एवढंच कळतं, की ताटात काय पडलं.

अंगणवाडीची योजनाही १९७५ चीच, २ ऑक्टोबरची. पण आम्हाला जास्त पटली ती महाराष्ट्राने २०१५ साली आदिवासी भागात सुरू केलेली अमृत आहार योजना. तिच्यात गरोदर बाईला आणि बाळंतिणीला रोज एक वेळचं गरम, चौरस जेवण मिळतं, आणि ते अंगणवाडीत बसून जेवायचं. शिधा घरी नेला की तो सगळ्यांत वाटला जातो आणि सून जेवते शेवटी. हे आपल्या आज्यांना विचारा!

आता आमच्या तळघरात नियम आहे. आल्या आल्या मुलीचं ताट आधी. वरण-भात, दही, अंडं, एखादी भाजी. शिकवणं नंतर. महिनाअखेरच्या आठवड्यासाठी आम्ही दुधाचे डबे ठेवतो आणि ते कुणाला का लागले, हे विचारत नाही. त्या बाळाने आठव्या महिन्यात आमचं वरण चाटूनपुसून खाल्लं. वजनही आता चांगलं भरतंय.

तर कृती. अर्धी वाटी तुरीची डाळ धुऊन, हळद-हिंग घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. डाळीसकट चांगली घोटा. बाळासाठी सहा महिने झाल्यावर, मीठ न घालता, मऊ भात आणि थोडं तूप कालवून. लिंबाचे दोन थेंब, म्हणजे लोह अंगी लागतं. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं दाट हवं. आईचं दूध किंवा नीट मापाने केलेलं पावडरचं दूध चालूच ठेवायचं. आणि वर्षाच्या आत मध चाटवू नका, कुणीही कितीही आग्रह केला तरी.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या गाडीत एक जागा रिकामी असते. कुणाला यायचं असेल तर फोन करा. येताना फक्त तूप आणा, आमचं नेहमी कमी पडतं.